खूण न झालेला बोल्ट

मिलिंद,

तुझी गाडी अजून बॉनेट उघडं टाकून पार्किंगमध्ये उभी आहे. वरून तूच आणलेलं निळं प्लास्टिक आहे आणि ते उडू नये म्हणून तूच आणलेल्या विटा आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा सांत्वनाला आले होते, तेव्हा गाडीचा विषय काढायचा त्यांना धीर झाला नाही. दुसऱ्यांदा मात्र चहा घेता घेता म्हणाले, "ताई, घाई नाही, पण आत मांजरं बसायला लागलीत." मी म्हटलं, बसू द्या. त्यांच्यासमोर तेवढंच बोलले. मनात म्हटलं, इंजिनात डोकं घालून बसणारा गेला, आता मांजरांची पाळी.

तू गेल्याला अजून महिनाही झालेला नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुझ्याबद्दल भरभरून बोलले. शांत स्वभाव, मनमिळाऊ, कुणाशी कधी वाद नाही. भंतेजी होते, कंपनीतली माणसं होती, दापोडीची आपली सगळी गल्ली आली होती, म्हणून मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नाहीतर उठून विचारणार होते, की कुणाशी कधी वाद नाही, तर मग गेल्या उन्हाळ्यापासून रोज जेवायला बसलं की माझ्याशी हुज्जत घालायचा तो माणूस कोण होता? भाकरीचा तुकडा हातात धरून, आमटी गार होईपर्यंत?

त्या भांडणाबद्दल कुणी बोललं नाही, कारण ते आपल्या दोघांचंच होतं. मला मात्र सध्या तेच सगळ्यात जास्त आठवतं. म्हणून लिहायला बसले आहे.

भांडणाचं मूळ ताम्हिणी घाट. माझ्या माहेरी महाडला जाताना सगळा उतार, तेव्हा कुणाची तक्रार नसायची. परतीच्या चढाला आपली जुनी डिकीवाली गाडी चार माणसं, तांदळाचं पोतं आणि माझ्या आईने बांधून दिलेली सुकी मासळी घेऊन निघाली की धापा टाकायला लागायची. मग तू एसी बंद करायचास. तेही मे महिन्यात. मागच्या सीटवरून तुझ्या आई ओरडायच्या, "मिल्या, खिडकी तरी उघड की, जीव जातोय हितं!" खिडकी उघडली की वारा मासळीवरून फिरून थेट आपल्या नाकात. आपली समता नाकाला रुमाल लावून म्हणायची, "पप्पा, नवीन गाडी घ्या ना." आणि तू स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचास, "इंजिन अजून ठणठणीत आहे. त्याला फक्त हवा कमी पडतेय."

दुसरा कुणी असता तर त्याने नवी गाडी घेतली असती. तू सुपरचार्जरचं किट आणलंस. आईंनी खोक्याकडे बघून विचारलं, हे काय. तू सांगितलंस, इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, मग गाडीला जोर येतो. आई म्हणाल्या, "म्हंजे लोहाराचा भाता." तू म्हणालास, "व्हय, भाताच." तुझ्या त्या सगळ्या यूट्यूबवाल्यांनी मिळून इतकं सोपं कधी सांगितलं नसेल. खोकं हॉलमध्ये सोफ्याच्या मागे गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून आईंच्या गोळ्यांचा डबा त्याच्यावर बसला.

किट आणायला माझा विरोध नव्हता, हे तुलाही माहीत आहे. परतीच्या चढाला एसी मलाही हवाच होता. वाद एवढाच होता, की बसवायचं कुणी.

माझं म्हणणं सरळ होतं. शॉपमध्ये द्यायची. त्यांचं रोजचं काम आहे, त्यांच्याकडे लिफ्ट आहे, काही बिघडलं तर त्यांची मान धरता येते. आरटीओची परवानगी, इन्शुरन्सला कळवणं, ही कागदांची उठाठेव तेच करतात. आणि जास्त हवा आत गेली की पेट्रोलही त्या मापात जायला हवं, ते माप कॉम्प्युटरवर बसवावं लागतं, ते तुझ्या बापजन्मात तुला जमणार नव्हतं. हे शेवटचं तूही मान्य केलं होतंस. "ट्यूनिंग शॉपवाल्याकडे," तू म्हणालास, "पण बसवणार मी."

"तू? कंपनीत इतकी वर्षं काय केलंस? सीटचे बोल्ट आवळलेस!"

"म्हणूनच," तू म्हणालास.

या 'म्हणूनच'चा अर्थ मला कळायला बराच वेळ लागला. चाकणच्या लाईनवर तुझी एकच जागा. गाडी सरकत यायची, पुढची डावी सीट बसवायची, चार बोल्ट गनने आवळायचे, प्रत्येकावर पिवळ्या मार्करने रेघ ओढायची, गाडी पुढे. पुन्हा दुसरी गाडी. आपण रस्त्याने जाताना तुमच्या कंपनीची कुठलीही गाडी दिसली की तू म्हणायचास, "आतमध्ये माझे बोल्ट आहेत." मी म्हणायचे, "हो, लोक बसलेत त्यांच्यावर." एवढ्या वर्षांत हा विनोद आपल्याला जुना झाला नाही, याचं मला आता नवल वाटतं.

एकदा तू मला नीट सांगितलंस. गुरुवार होता, आपल्या दोघांची सुट्टी. सगळं जग रविवारी झोपतं, आपल्या एमआयडीसीचा पट्टा गुरुवारी. तू खोक्यातले भाग काढून वर्तमानपत्रावर मांडले होतेस. म्हणालास, "वंदू, माझ्यासमोर गाडी येते तेव्हा तिला सीट नसते. माझ्याकडून जाते तेव्हा तिला स्टिअरिंग नसतं. मी आजवर पूर्ण गाडी फक्त ट्रेलरवर चढलेली बघितली. मला एक काम पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत करायचंय. एकच. मग बास."

मी वर्तमानपत्रावरचा एक नट उचलून बघितला आणि जागेवर ठेवला. मग मी पुन्हा म्हटलं, "शॉपमध्ये दे. तिथे उभा राहून बघ." तू हसलास. तुझं ते हसणं मला भांडणात सगळ्यात जास्त चिडवायचं.

आणि मग तू ते दुसरं काढलंस. "बोल्ट माझे, वायरिंग तुझं."

त्यावर मी काय म्हणाले ते आठवतंय ना? "आठवड्यातले सहा दिवस मी वायरच लावते. सातव्या दिवशीही वायरच लावू का?" मी भोसरीत त्या लांबलचक बोर्डापुढे उभी राहून वायरींचे गठ्ठे बांधते, कनेक्टर बसवते, तो 'टिक्' वाजला की पुढचा. माझ्या बोटांना झोपेतही तो टिक् ऐकू येतो. तू म्हणालास, "तुझी वायर गाडीत कुठे जाते, तू तरी कधी बघितलंस का?" मी म्हटलं, "बघून काय करू? वायरच ती." आणि उठून भांडी घासायला गेले.

तू मला मदतीला बोलावत नव्हतास. तुला मदत लागणार नव्हती, ते चार सेन्सर आणि एक कंट्रोलर तूही चाचपडत जोडला असतास. तू मला भागीदार करत होतास. हे मला तेव्हाही कळलं होतं बरं का. इतकी काही मी बावळट नाही. कळूनच उठले होते. नवऱ्याने एखादी गोष्ट मागितली आणि आपण लगेच दिली, तर पुढच्या वेळी तो मागत नाही, नुसती गृहीत धरतो. तुला थोडं झुलवायचं होतं मला. लग्नाआधी नाशिक फाट्याच्या बसस्टॉपवर, तुझी चाकणची बस आधी येत असूनही ती सोडून माझी बस येईपर्यंत थांबायचास, तेव्हाही मी तुला असंच झुलवलं होतं. सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्यास, पण थांबलास. तसं पुन्हा थोडं बघायचं होतं.

तू थांबला नाहीस. म्हणजे माझी वाट बघत नुसता बसला नाहीस. एका गुरुवारी सकाळी विटा, प्लास्टिक, पान्यांची पेटी घेऊन खाली गेलास आणि सुरू केलंस. मी वरून खिडकीतून ओरडले, "मी सांगितलंय, शॉपमध्ये दे!" तू खालून ओरडलास, "ऐकू येत नाही!" सगळ्या सोसायटीला ऐकू आलं. तुला सोडून.

मग गुरुवार असेच जाऊ लागले. मी वर स्वयंपाक करायचे, खालून पान्याचा आवाज यायचा. तुला सांगितलं नाही कधी, पण त्या आवाजावर मी पोळ्या लाटायचे. आवाज थांबला की माझंही लाटणं थांबायचं, पुन्हा सुरू झाला की बरं वाटायचं. कधी तू वर यायचास तो हात पुसत, तेही माझ्या ओढणीला. "अरे, माझी ओढणी आहे ती!" तू म्हणायचास, "होती." ती अजून पान्यांच्या पेटीत आहे. धुणार नाही मी ती, एवढ्यात तरी.

त्या शेवटच्या गुरुवारी मी खिडकीतून हाक मारली, चहा झालाय म्हणून. तू कधीही पहिल्या हाकेला आलेला नव्हतास. आई तर म्हणायच्या, मिल्याला तीन हाका म्हंजे एक हाक. त्या दिवशी पहिल्याच हाकेला आलास. मी टोमणाही मारला, "आज सूर्य कुठून उगवला?" तू बसलास. चहा प्यायलास. आलं कमी पडलंय म्हणालास. मग म्हणालास, "जरा छातीत भरल्यासारखं वाटतंय, ॲसिडिटी असेल." पुढचं मी लिहीत नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तो चहा मात्र फक्त मला माहीत आहे, आणि तू पहिल्या हाकेला आलास हेही. त्याबद्दल मी कुणाचे आभार मानायचे ते मला कळत नाही, म्हणून तुझेच मानते.

लोक म्हणतात, काही बोलायचं राहून गेलं असेल. त्या चहाला मी 'आण ती वायर' म्हणणार होते, असं इथे लिहिलं असतं तर फार छान वाटलं असतं. पण खोटं कशाला लिहू? मी त्या दिवशीही शॉपच म्हणणार होते. अजून महिनाभर तरी म्हणत राहिले असते. मग एका गुरुवारी काही न बोलता चप्पल घालून खाली आले असते, आणि तू काही न बोलता सरकून मला जागा दिली असतीस. ते महिनाभराचं भांडण राहून गेलं, मिलिंद. माझा जीव तुटतो तो त्याच्यासाठी.

तू गेल्यावर आधी मी माझंच खरं केलं. शॉपवाल्याला बोलावलं. रावेतच्या पुढून आला, तरुण पोरगा, दाढी नीट कोरलेली. आधी वर येऊन तुझ्या फोटोपुढे हात जोडले, मग खाली गेला. टॉर्च घेऊन चांगला वेळ बघत राहिला. म्हणाला, "काम क्लीन आहे, मॅडम. पण मी घेतलं तर सगळं खोलणार आणि पहिल्यापासून बसवणार. दुसऱ्याने आवळलेल्या बोल्टवर मी गॅरंटी नाही देऊ शकत."

"आणि या पिवळ्या खुणा?"

"त्या थिनरने निघतील. नो टेन्शन."

मला त्याचा राग आला नाही. तो बरोबरच बोलत होता. उन्हाळ्यापासून मी तुला जे ऐकवत होते तेच तो मला ऐकवत होता. पण बॉनेटखाली वाकून मी पहिल्यांदाच नीट बघितलं. प्रत्येक बोल्टावर तुझी बारीक पिवळी रेघ, बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर उतरलेली. एकसारखी, सरळ. तुझं मराठी अक्षर इतकं गचाळ, आणि रेघ मात्र ही. मी त्याला म्हटलं, कळवते.

समताला मारुंजीला फोन केला. तिथे मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते खरी, पण हल्ली दर शनिवारी घरी येते आणि माझ्याकडे असं बघते, जणू मीही कुठेतरी निघालेय. ती म्हणाली, "मम्मी, किट काढून टाकू आणि गाडी पहिल्यासारखी करू. नाहीतर विकून टाक." मी म्हटलं, काढायचं तरी बोल्ट खोलावेच लागतील. तिच्या लक्षात आलं. मग म्हणाली, "पप्पांच्या रेघा आहेत ना त्यांच्यावर?" तिलाही माहीत होतं. लहानपणी तिच्या सायकलच्या प्रत्येक नटावर तू रेघ ओढली होतीस.

आईंना विचारलं. त्या सध्या दुपारी प्लास्टिकची खुर्ची घेऊन गाडीपाशी बसतात, मांजरं हाकलायला. म्हणाल्या, "पुसायचं असंल तर पूस. गाडी हाय, देव न्हाई. फकस्त मला आधी वर घरात जाऊ दे." एवढंच बोलल्या आणि शुक शुक करत एका बोक्याच्या मागे लागल्या.

म्हणजे शॉपला दिली काय, किट काढलं काय, गाडी विकली काय, प्रत्येक वाटेवर तुझ्या रेघा पुसल्या जाणार होत्या. त्या राहणार होत्या एकाच वाटेने. काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे करायचं, घरच्या घरी. म्हणजे तुझंच खरं करायचं. मेल्यावरही माणसाने भांडण जिंकावं, याला काय म्हणावं!

पण उद्या त्या गाडीत आई बसणार, समता बसणार. नुसत्या प्रेमापोटी बोल्टावर विश्वास ठेवता येत नाही. तेव्हा मला तुझी ती दोरीची गोष्ट आठवली. तू लाईनवर नवा होतास, गाड्या भराभर यायच्या, म्हणून तू एक युक्ती काढलीस. चारही बोल्टांवर आधी रेघा ओढून टाकायच्या, मग सगळे एकदम आवळायचे. एक दिवस जेवणाची घंटा झाली, रेघा चार आणि आवळलेले बोल्ट तीन, आणि गाडी पुढे. रेघ दिसली की पुढचा माणूस बोल्टाला हातही लावत नाही. तुझ्या ते ताटावर बसल्यावर लक्षात आलं. तू ताट सोडून पळालास, ती गाडी शोधून काढलीस आणि घंटेनंतर लाईन सुरू होताच दोरी ओढून सगळी लाईन थांबवलीस. सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलला. तू मात्र घरी येऊन मला सांगितलंस ते असं, जणू बक्षीस मिळालंय. "रेघ म्हणजे माझा शब्द," तू म्हणालास. "आता आधी काम, मग रेघ." त्यानंतर तू कधी उलट केलं नाहीस. घरात खिळा ठोकला तरी आधी हलवून बघायचास.

गेल्या गुरुवारी दत्ताभाऊ आले. लातूरचे, तुझ्याच जागेवर दुसऱ्या शिफ्टला असतात. तू घरी यायला निघायचास तेव्हा तुझी गन ते हातात घ्यायचे, इतकी वर्षं. आले ते आधी गाडीपाशीच गेले. मी खाली उतरले तेव्हा आईंच्या शेजारी उभे होते, डोळे पुसत. म्हणाले, "वहिनी, शिफ्ट बदलताना लाईन थांबत न्हाई. म्हणून रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची न्हाई, असा नेम असतो आमच्यात. माझी बस लई बाऱ्या लेट व्हायची. हा गडी जागचा हलायचा न्हाई. मी आलो की गन माझ्या हातात द्यायचा, म्हणायचा, 'इथपर्यंत झालं.' मी म्हणायचो, 'जा, पुढचं माझ्याकडं.' मग जायचा. आणि आता बगा, न सांगताच निघून गेला."

मी त्यांना म्हटलं, दत्ताभाऊ, जरा बघता का, हा कुठपर्यंत आला होता?

त्यांनी चष्मा लावला आणि वाकले. एकेक रेघ बोटाने मोजत गेले, शॉपवाल्याने बघितलं तसं नाही, तुमच्या लाईनवर बघतात तसं. शेवटी हात वाकडा करून मागच्या कोपऱ्यात घातला आणि तिथेच थांबले. "वहिनी, ह्याला खूण न्हाई."

तो मागचा, काचेकडचा बोल्ट. लांबून बघितला तर बसलेलाच वाटतो. शॉपवाल्याच्याही लक्षात आला नव्हता. दत्ताभाऊंनी बोटाने फिरवला तर फिरला. तू नुसता हाताने घातला होतास. आवळायचा होता, आणि मी वरून हाक मारली.

आपण तिघंही त्या बोल्टाकडे बघत राहिलो. बघ, मी 'आपण तिघं' लिहिलं. तिथे मी, आई आणि दत्ताभाऊ होतो. पण राहू दे, खोडत नाही.

तुझा टॉर्क रेंच पेटीतून काढला. ठरलेला जोर आला की टक् वाजणारा तो लांब पाना, ज्याला मी लाटण्याचा भाऊ म्हणायचे. दत्ताभाऊंनी किटचा कागद बघून माप लावून दिलं. म्हटलं, आधी सगळे तपासू. ते म्हणाले, "त्याची खूण हाय की." मी म्हटलं, "असू दे. खूण असते ती कुणीही तपासावं म्हणूनच." तूही हेच म्हणाला असतास. पहिल्या बोल्टाला पाना लावला. बोल्ट जागचा हलला नाही, पाना टक् वाजला. दुसरा, टक्. तिसरा, टक्. एकही रेघ तसूभर सरकली नाही. मी एकेकाला विचारत होते आणि तू एकेकाला उत्तर देत होतास, पहिल्या हाकेला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी पुढच्या बोल्टाकडे सरकत होते. आई म्हणाल्या, "रडतीस कशाला, वाजतंय की नीट."

मग तो मागचा. दत्ताभाऊंनी हात पुढे केला, "द्या, मी आवळतो. त्याचा रिलीव्हर मीच की." मी म्हटलं, "कंपनीतले तुम्ही. या गाडीपुरती मी." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकून जागा दिली.

त्याच संध्याकाळी शॉपवाल्याला फोन केला. सांगितलं, बसवणं आमचं, ट्यूनिंग आणि कागद तुमचे, आणि तुमच्याच कामाची गॅरंटी तुम्ही द्यायची. तो जरा अडला. म्हणाला, "मॅडम, मी येऊन प्रत्येक बोल्ट चेक करणार." म्हटलं, कर बाबा, खुशाल कर. फक्त थिनर आणू नकोस. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही, हेही त्याने बजावलं. इतकी वर्षं ती चढाला थांबतच आली आहे, अजून थोडी थांबेल.

वायरिंगची पिशवी खोक्यात तळाशी होती, सील न तोडलेली. बाकीचं सगळं तू उघडलं होतंस, तीच तेवढी नाही. किती आगाऊ माणूस होतास रे तू. मी येणारच, हे धरून चालला होतास. माझं सगळं झुलवणं फुकट गेलं. कंट्रोलर कुठे बसतो, वायर कुठून कुठे जाते, सगळं आता मी बघून ठेवलं आहे. माझी वायर गाडीत जाते तरी कुठे, ते या वयात पहिल्यांदा बघणार आहे. सुट्टीच्या दिवशी, हो. खुश?

त्या मागच्या बोल्टाचं राहिलंच. हात वाकडा करून पाना लावला. बोल्ट फिरला, आणखी फिरला, जड झाला, मग टक् वाजला. पिवळा मार्कर पेटीत होता, पण दत्ताभाऊंनी खिशातून पांढरा काढून माझ्या हातात दिला. पहिल्या शिफ्टची खूण पिवळी, दुसऱ्या शिफ्टची पांढरी, म्हणाले. मी रेघ ओढली. तुझ्याइतकी सरळ आली नाही. तुझ्या सगळ्या पिवळ्या रेघांच्या शेवटी माझी एक पांढरी, जराशी वाकडी.

मग आई आणि दत्ताभाऊ चहाला वर गेले, आणि मी एकटीच थोडा वेळ बॉनेटखाली वाकून राहिले. तुला निघताना कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणून तिथे म्हटलं.

जा, मिलिंद. पुढचं माझ्याकडे.